पेटीतला माणूस : यांत्रिक तुर्क ते ‘मेकॅनिकल टर्क’

१/ संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामे जगभरातील हजारो अनोळखी माणसांकडून, कामागणिक काही सेंट मोजून करून घेणारा बाजार इंटरनेटवर आहे. अशा बाजारांपैकी सर्वांत गाजलेल्या बाजाराचे नाव अ‍ॅमेझॉनने ‘मेकॅनिकल टर्क’, म्हणजे ‘यांत्रिक तुर्क’, असे ठेवले. या नावामागे अठराव्या शतकातील एक प्रसिद्ध फसवणूक आहे. तिथून सुरुवात करू. #थ्रेड #इतिहास

२/ १७७० साली व्हिएन्नात सम्राज्ञी मारिया थेरेसा हिच्यासमोर वोल्फगांग फॉन केम्पेलेन याने एक यंत्र सादर केले. मोठी लाकडी पेटी, तिच्यावर बुद्धिबळाचा पट आणि मागे तुर्की पोशाखातला, पागोटे घातलेला पुतळा. खेळापूर्वी पेटीची दारे उघडून आतली दातेरी चाके दाखवली जात. मग किल्ली दिली की पुतळा आपल्या हाताने मोहरे हलवू लागे.

३/ हा ‘तुर्क’ युरोपभर फिरला. पॅरिसमध्ये बेंजामिन फ्रँकलिन आणि पुढे, केम्पेलेनच्या मृत्यूनंतर, १८०९ मध्ये नेपोलियन त्याच्याशी खेळले. १८५४ मध्ये फिलाडेल्फियातील आगीत तो जळाला. त्याचे गुपित साधे होते: पेटीत सरकत्या बैठकीवर एक कसलेला खेळाडू मेणबत्तीच्या उजेडात बसलेला असे. दारे उघडली की तो अंग चोरून बाजूला सरके. टाळ्या मात्र यंत्राला पडत.

४/ आता दुसरा धागा. १७९० च्या दशकात फ्रान्समध्ये गास्पार द प्रोनी याच्यावर लॉगॅरिथमची प्रचंड कोष्टके तयार करण्याची जबाबदारी आली. अ‍ॅडम स्मिथच्या श्रमविभागणीच्या कल्पनेवरून त्याने कामाचे तीन थर केले. वर मोजके गणितज्ञ, मध्ये आकडेमोडीची आखणी करणारे आणि तळाशी फक्त बेरीज-वजाबाकी येणारी साठ-ऐंशी माणसे. क्रांतीनंतर सरदारांचे केशसंभार गेले आणि बेकार झालेले केशभूषाकारही या तळच्या थरात होते, असे सांगतात.

५/ संपूर्ण कोष्टक कशासाठी आहे, हे तळच्या माणसाला ठाऊक असण्याची गरज नव्हती. चार्ल्स बॅबेजने १८३२ च्या आपल्या ग्रंथात या पद्धतीची विस्ताराने चर्चा केली. हे काम इतके यांत्रिक झाले असेल, तर ते यंत्रानेच का करू नये, असा त्याचा रोख होता. संगणकाच्या पूर्वेतिहासात तुकडे पाडलेले मानवी श्रम असे पायाशीच आहेत.

६/ नोव्हेंबर २००५ मध्ये अ‍ॅमेझॉनने हे दोन्ही धागे एकत्र गुंफले. काम देणारा आपले मोठे काम हजारो तुकड्यांत मोडतो: या चित्रात काय दिसते, ही पावती टंकित करा, हे दोन पत्ते एकच आहेत का. प्रत्येक तुकड्याचा दर तोच ठरवतो. जगभरातील कामगार पडद्यावरील यादीतून तुकडे उचलतात, पूर्ण करतात आणि मंजुरीची वाट पाहतात. २०१५ पासून कंपनीचे कमिशन सर्वसाधारणपणे २० टक्के आहे.

७/ उत्तर बरोबर की चूक, हे कसे ठरते? अनेकदा एकच तुकडा तीन-चार जणांना देऊन बहुमताचे उत्तर ग्राह्य धरले जाते. त्यामुळे एकट्याचेच उत्तर बरोबर असले, तरी तोच चुकीचा ठरू शकतो. काम नाकारले की मजुरी शून्य. पाठवलेले उत्तर मात्र काम देणाऱ्याच्या हाती गेलेलेच असते. शिवाय कामगाराच्या मंजुरीची टक्केवारी घसरते आणि पुढची चांगल्या दराची कामे त्याला मिळेनाशी होतात.

८/ महाराष्ट्राला ही तक्रार नवी नाही. सिन्नर-सोलापूरच्या विडी कामगार स्त्रियांनी घरी वळून आणलेल्या विड्यांतून काही ‘छाट’ म्हणून बाजूला काढायच्या आणि मजुरी उरलेल्यांचीच द्यायची, हा या धंद्यातला जुना झगडा. १९६६ च्या विडी व सिगार कामगार कायद्याने नाकारलेल्या विड्या आणि त्यांची मजुरी यांवरचे वाद राज्य शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्यापुढे नेण्याची तरतूद केली. म्हणजे छाट काढणाऱ्याला जाब विचारण्याची एक जागा तरी कायद्यात निर्माण झाली.

९/ ऑनलाइन बाजारात अशी जागा नव्हती. तिथला कामगार कागदोपत्री ‘स्वतंत्र कंत्राटदार’, म्हणून किमान वेतनाचा नियम त्याला लागू नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २,६७६ कामगारांनी केलेली ३८ लाख कामे तपासली गेली. ताशी कमाईचा मध्यक निघाला सुमारे २ डॉलर. अमेरिकेच्या संघीय किमान वेतनाहून (ताशी ७.२५ डॉलर) अधिक मिळवणारे होते अवघे ४ टक्के.

१०/ मग कामगारांच्या तक्रारी ऐकून लिली इराणी आणि सिक्स सिल्बरमन यांनी ‘टर्कॉप्टिकॉन’ हे साधन उभे केले. काम देणारे कामगाराला टक्केवारीने जोखत होतेच. आता कामगारही काम देणाऱ्याला जोखू लागले: दर रास्त आहे का, पैसे वेळेवर देतो का, विनाकारण नाकारतो का. पेटीतल्या माणसाने आतून दार ठोठावले ते असे.

११/ या श्रमांतून उभे काय राहिले? आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेला कलाटणी देणारा ‘इमेजनेट’ हा चित्रसंग्रह घ्या. संगणकाला ‘पाहायला’ शिकवण्यासाठी त्यातील लाखो चित्रांना १६७ देशांतील सुमारे ४९,००० कामगारांनी याच बाजारातून नावे दिली. यश यंत्राच्या नावावर जमा झाले.

१२/ या कामाला इंग्रजी आणि महागडा संगणक लागतोच, हा समजही खरा नाही. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात ग्रामीण भारतातील लोकांना हस्तलिखित मराठी-हिंदी शब्द स्वस्त मोबाइलवर टंकित करायला दिले. अचूकता ९६.७ टक्के, म्हणजे व्यावसायिक संस्थेच्या तोडीची. आपल्या दप्तरखान्यांतील कागदांचे ढीग पाहता ही शक्यता फार मोलाची आहे. मात्र ते काम विडीच्या कायद्याच्या वाटेने जाईल की ‘तुर्का’च्या, हे दर आणि नकाराचे नियम कोण ठरवतो, यावर अवलंबून राहील.

१३/ कामाचे तुकडे पाडणे प्रोनीच्या काळापासून चालत आले आहे. माणसाला पेटीत लपवणे त्याहूनही जुने. नवे एवढेच, की या पेटीला बाहेरून मालक दिसत नाही आणि आतून तक्रारीची खिडकी नाही. केम्पेलेनचा खेळाडू निदान एका वेळी एकच डाव खेळत होता, आणि हरला-जिंकला तरी त्याची चाल पटावर दिसत होती. (समाप्त)