व्हीएफएक्सचं रिमोट काम: मशीन स्टुडिओत, माणूस घरात

आजच्या भागात एका वायरीची गोष्ट सांगणार आहे. या वायरीमुळे सांगलीत बसलेला माणूस मुंबईतल्या कॉम्प्युटरवर सिनेमाचा शॉट करू शकतो. तुमच्यापैकी बरेच जण व्हीएफएक्स शिकताय, काही जण काम शोधताय. जाहिरातीत 'रिमोट' हा शब्द दिसला की वाटतं, ही कोविडनंतरची सोय. पण ही सोय त्याच्या कितीतरी आधी तयार होती, आणि ती आर्टिस्टला घरी बसता यावं म्हणून केलेलीच नव्हती. कशासाठी केली होती हे कळलं, की आज रिमोट कामात अडचण नेमकी कुठे येते तेही कळतं.

सुरुवात वजनापासून करू. फिल्म स्कॅन केली की २के आकाराची एक फ्रेम साधारण १२ एमबीची होते. सेकंदाला २४ फ्रेम, म्हणजे सेकंदाला ३०० एमबीच्या आसपास. पाच सेकंदांचा शॉट धरला तर दीड जीबी, आणि हा नुसता कच्चा माल. त्यावर धूर, स्फोट, सावल्या चढवायच्या, तर प्रत्येक थराच्या वेगळ्या फ्रेम. एवढा डेटा रोज इकडून तिकडे नेणं परवडत नाही. म्हणून डेटा एका जागी राहिला आणि माणसं त्याच्याकडे गेली.

ज्यांना डेटा पाठवायचाच होता, त्यांनी स्वतःची लाइन टाकली. लंडनच्या सोहो भागात पोस्ट-प्रॉडक्शनची दुकानं एकमेकांना लागून आहेत. तिथल्या कंपन्यांनी मिळून १९९५ मध्ये 'सोहोनेट' नावाचं खाजगी नेटवर्क उभं केलं. ऑस्ट्रेलियात ॲडिलेडच्या रायझिंग सन पिक्चर्सने दुसरीच युक्ती काढली. त्यांचे दिग्दर्शक बसायचे हजारो किलोमीटर दूर. मग 'सिनेसिंक' तयार झालं. दोन्ही टोकांना शॉटची एकेक प्रत आधीच ठेवायची आणि लाइनवरून फक्त सूचना पाठवायच्या: प्ले कर, या फ्रेमवर थांब, इथे गोल काढलाय तो बघ. शॉट बघताना लाइनवर ओझंच नाही! या कामाला २०११ मध्ये ऑस्करवाल्या अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला.

पण हे झालं शॉट बघण्यापुरतं. दूर बसून काम करायचं कसं?

दुसऱ्या कॉम्प्युटरचा पडदा आपल्यासमोर आणणं जुनंच आहे. केंब्रिजमधल्या ऑलिव्हेटीच्या प्रयोगशाळेत तयार झालेलं व्हीएनसी १९९८ मध्ये सगळ्यांसाठी मोफत खुलं झालं. ऑफिसची कामं त्यावर मजेत व्हायची, थ्रीडीचं मात्र जमायचं नाही. त्या काळी दूरच्या मशीनवर थ्रीडी सॉफ्टवेअर चालवलं, की बऱ्याचदा मॉडेलची सगळी माहिती लाइनवरून तुमच्याकडे यायची आणि चित्र तुमच्या मशीनला काढावं लागायचं. म्हणजे स्वयंपाक्याला घरी बोलवायचं आणि चूल, भांडी, किराणा सगळं आपणच आणायचं!

हा गुंता सोडवण्यात तेलाचा धंदा पुढे होता. जमिनीखाली तेल कुठे आहे हे शोधताना जो डेटा तयार होतो, तोही असाच हलवता न येणारा. लँडमार्क ग्राफिक्स ही त्या धंद्याला सॉफ्टवेअर पुरवणारी कंपनी. तिथे २००४ मध्ये 'व्हर्च्युअलजीएल'चं काम सुरू झालं. कल्पना सरळ होती: डेटाशेजारीच बसलेल्या दणकट ग्राफिक्स कार्डाने चित्र काढायचं आणि लाइनवरून फक्त तयार चित्र पाठवायचं. त्याच वर्षी कॅनडात व्हँकुव्हरजवळच्या बर्नबीमध्ये टेराडिची ही कंपनी सुरू झाली. त्यांनी 'पीसी-ओव्हर-आयपी' बनवलं, ज्याला स्टुडिओत सगळे पीसीओआयपी म्हणतात.

आता गणित बघा. फुल एचडी पडदा सेकंदाला ६० वेळा, काहीही न दाबता पाठवायचा तर सेकंदाला जवळपास ३ गिगाबिट लागतात. घरच्या १०० एमबीपीएसच्या कनेक्शनच्या तीसपट. म्हणून पडद्याचा जेवढा भाग बदलला तेवढाच पाठवायचा. अक्षरं एका पद्धतीने दाबायची, फोटोसारखं चित्र दुसऱ्या पद्धतीने. हात थांबला की चित्र हळूहळू पूर्ण स्वच्छ करायचं. आणि हे सगळं कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून.

हे स्टुडिओंनी घेतलं ते कशाला? टेबलाखालच्या वर्कस्टेशनांचा आवाज आणि गरमी नको म्हणून. सगळी मशीन एसी लावलेल्या मशीन रूममध्ये गेली आणि टेबलावर एक छोटा डबा आला, झिरो क्लायंट. त्याच्यात हार्ड डिस्कच नसते, म्हणजे चोरण्यासारखं काही उरत नाही.

आणि चोरीची भीती हेच खरं मोठं कारण. हॉलिवूडच्या कंपन्या काम देताना सुरक्षेची लांबलचक यादी देतात. सिनेमाचं काम ज्या नेटवर्कवर चालतं, त्याला इंटरनेट नको. पेन ड्राइव्ह नको. २०१८ मध्ये तर ही तपासणी करायला 'ट्रस्टेड पार्टनर नेटवर्क' नावाची स्वतंत्र व्यवस्थाच उभी राहिली. मी त्या काळात मुंबईतल्या एका स्टुडिओच्या सिस्टिम्स टीममध्ये होते. आमच्याकडे फोन दाराशी जमा व्हायचे. आर्टिस्ट आणि त्याचं मशीन यांच्यामध्ये दोन मजले आणि एक वायर होती. ती वायर दोन मजल्यांऐवजी तीस किलोमीटर करायला तंत्राची हरकत नव्हती, हरकत कराराची होती.

मग २४ मार्च २०२० उजाडला. रात्री ८ वाजता लॉकडाऊन जाहीर झाला. पुढच्या काही दिवसांत जे घडलं त्याला शोध म्हणता येणार नाही, ती परवानगी होती. ज्या कंपन्या वर्षानुवर्षं 'इमारतीबाहेर काही नाही' म्हणत होत्या, त्यांच्या मेल येऊ लागल्या: पिक्चर स्टुडिओतच राहणार असेल आणि बाहेर फक्त पडद्याचं चित्र जाणार असेल, तर चालेल. आम्ही व्हीपीएन उघडलं, फोनवर येणारा दुसरा पासवर्ड लावला आणि प्रत्येक आर्टिस्टला त्याच्या मशीनशी जोडलं. मशीन अडकलं तर बटण दाबायला ऑफिसात माणूस नव्हता, म्हणून दुरून चालू-बंद करायची सोय केली. त्या वर्षीच्या इंजिनिअरिंग एमी पुरस्कारांत टेराडिची, एचपी आणि सोहोनेट यांच्या दुरून काम करायच्या साधनांचा गौरव झाला. यातल्या पीसीओआयपीची कल्पना दहा वर्षांहून जुनी होती.

आता येते ती तारीख, जी मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी मुंबई आणि आसपासच्या मोठ्या भागाची वीज गेली, लोकलसुद्धा थांबल्या. आमच्या मशीन रूममध्ये काहीच झालं नाही. यूपीएसने सांभाळलं, जनरेटर चालू झाला, सगळी मशीन हिरवी. आणि त्यांच्यावर काम करणारा जवळपास एकही माणूस नाही! कारण डोंबिवलीत, मीरा रोडला, कळव्यात सगळ्यांचे राऊटर बंद पडले होते. इतकी वर्षं आम्ही मशीनला दोन-दोन आधार दिले होते. वायरीचं दुसरं टोक मात्र कुणाच्या तरी हॉलमधल्या एका प्लगवर होतं, आणि आमच्या नकाशात ते टोक काढलेलंच नव्हतं.

मंडळी, मला जे सांगायचंय ते हेच. ही सगळी रचना पिक्चर सांभाळण्यासाठी झाली. ती मशीनपासून सुरू होते आणि आर्टिस्टच्या पडद्याशी संपते. त्या पडद्यामागचं लाइटबिल, इन्व्हर्टर, खुर्ची, राऊटर हे सगळं आज स्टुडिओचं कामच करतंय, पण त्याची जबाबदारी अनेकदा कागदावर नसते. जे कागदावर नसतं ते शेवटी आर्टिस्टच्या खिशातून जातं.

'गावात राहून हे काम होईल का?' असं बरेच जण विचारतात. अंतराचं म्हणाल तर होतं. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे १०० किलोमीटरवर जाऊन परत यायला एक मिलिसेकंद. मुंबई-कोल्हापूर हवाई अंतर सुमारे ३०० किलोमीटर, म्हणजे तीनच मिलिसेकंद. मधल्या राऊटरांमुळे आकडा वाढतो, पण पेन फिरवताना रेघ मागे राहावी इतका नाही. मुंबईतून लंडनच्या मशीनवर बसलात तर सत्तरच्या वर जातो. तिथे रोटो किंवा पेंट करणाऱ्याच्या हाताला फरक जाणवतो.

आणि किलोमीटर संपले तरी सरहद्द संपत नाही. कॅनडाचा ब्रिटिश कोलंबिया प्रांत व्हीएफएक्सवर करसवलत देतो, पण ती तिथे राहणाऱ्या माणसांच्या पगारावर मोजतात. अशा कामासाठी वायर कुठेही पोचत असली, तरी माणूस तिथलाच लागतो.

म्हणून रिमोट काम घेताना पगाराच्या जोडीला चार गोष्टी विचारा. मशीन कुठल्या शहरात आहे? लाइन आणि वीज यांचा खर्च कोण देणार? वीज गेली तर तो वेळ कामाचा धरणार की रजेचा? आणि रंगाचं काम असेल तर नीट सेट केलेला मॉनिटर कोण देणार? उत्तरं मेलवर घ्या. विचारायला संकोच वाटेल, पहिलंच काम असेल तर जास्तच वाटेल. तरी विचारा. स्टुडिओ स्वतःच्या क्लायंटशी हे सगळं लिहूनच ठरवतो.

हा भाग ॲनिमेशन नाहीतर व्हीएफएक्स शिकणाऱ्या मित्रमैत्रिणींना जरूर पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत सेव्ह करत राहा, काळजी घ्या!