मागील पानावरून पुढे

मध्यमवर्गीय मराठी माणसाच्या अंगाला ब्लेझर आयुष्यात फार तर तीनदा लागतो. एकदा शाळेत, तेव्हा तो 'वाढत्या अंगाचा' म्हणून दोन मापे मोठा असतो. एकदा स्वतःच्या लग्नाच्या रिसेप्शनला. तेव्हा तो बेताचा बसतो. आणि तिसऱ्यांदा मेहुण्याच्या लग्नात. तेव्हा तोच ब्लेझर पुन्हा बाहेर निघतो आणि त्याची बटणे लावायची नाहीत असे घरात एकमताने ठरते. हा कपडा मुळात कोणी आणि कशासाठी काढला असेल, हा प्रश्न मेहुण्याच्या लग्नात प्रत्येक मेहुण्याला पडत असणार.

उत्तर असे, की तो वल्ही मारण्यासाठी निघाला.

इंग्लंडात केंब्रिज विद्यापीठात सेंट जॉन्स नावाचे कॉलेज आहे. तिथल्या पोरांनी १८२५ साली नौकानयनाचा एक क्लब काढला. नाव ठेवले लेडी मार्गारेट बोट क्लब. या क्लबाचे गडी नदीवर उतरायचे ते लालभडक फ्लॅनेलचे जाकीट घालून. लाल म्हणजे किती लाल? तर पेटलेल्या निखाऱ्यासारखे. पेटण्याला इंग्रजीत 'ब्लेझ' म्हणतात, म्हणून ते जाकीट झाले 'ब्लेझर'. १८८९ साली लंडनच्या 'डेली न्यूज'मध्ये एका गृहस्थांनी तक्रारच छापून आणली, की आमच्या वेळी ब्लेझर म्हणजे लेडी मार्गारेटचे लाल जाकीट, दुसरे काही नाही. आणि आता बघावे तर क्रिकेटला, टेनिसला, समुद्रावर हवा खायला, वाटेल त्या रंगाचा कोट घालून लोक त्याला ब्लेझर म्हणताहेत! 'आमच्या वेळी' हे दोन शब्द जगाच्या पाठीवर सगळीकडे सारखेच उच्चारले जातात, हे वाचून मला फार बरे वाटले.

ब्लेझरवर आणखी एक हक्क सांगतात. 'ब्लेझर' नावाची एक ब्रिटिश युद्धनौका होती, तिच्या कप्तानाने खलाशांना ऐटबाज जाकिटे शिवली, त्यावरून हा शब्द आला म्हणे. मयताच्या खात्यावर दोन वारस उभे राहिले, की आम्ही बँकवाले कोण जास्त रडतो ते बघत नाही, कागद कोणाकडे आहे ते बघतो. लेडी मार्गारेटकडे छापील कागद आहे. खाते तिच्या नावे.

आता ही लेडी मार्गारेट कोण? ती मार्गारेट बोफर्ट, इंग्लंडच्या सातव्या हेन्री राजाची आई. तेराव्या वर्षी आई झाली आणि पोर जन्माला येण्यापूर्वीच विधवा झाली. पुढे मुलगा राजा झालेला तिने पाहिला, इतकेच नव्हे, तर नातू राज्यावर बसलेलाही पाहिला आणि मग १५०९ साली डोळे मिटले. तिने मागे ठेवलेल्या पैशांतून १५११ साली सेंट जॉन्स कॉलेज उभे राहिले. तिचे ब्रीदवाक्य फ्रेंच भाषेत होते. त्याचा अर्थ 'मला वारंवार आठवते'. बोट क्लबाचे ब्रीदही फ्रेंचमध्येच आहे, पण अर्थ निराळा: 'जमल्यास'. आमच्या शाखेतही ब्रीद म्हणून भिंतीवर लावायला 'जमल्यास' हाच शब्द योग्य ठरेल. मात्र 'वारंवार आठवते' हे रिकव्हरी खात्याने घ्यावे.

गंमत अशी, की क्लब बाईच्या नावाचा, कॉलेज बाईच्या पैशांचे, पण बाईमाणसाला आत प्रवेश नाही! पदवीचा अभ्यास करणाऱ्या मुली सेंट जॉन्समध्ये आल्या त्या १९८२ साली. म्हणजे १५७ वर्षे लेडी मार्गारेट क्लबात एकच लेडी होती, आणि ती नावापुरती. हे मी घरात वाचून दाखवले तेव्हा आमच्या सौ. म्हणाल्या, "त्यात काय एवढं? आपला फ्लॅटसुद्धा माझ्याच नावावर आहे." मी पुढचे वाचन मनातल्या मनात केले.

कॉलेजचे नाव सेंट जॉन्स, मग क्लब लेडी मार्गारेटचा का, यावर एक आख्यायिका आहे. एकदा म्हणे सेंट जॉन्सच्या पोरांनी बोटीच्या टोकाला तलवार बांधली, पुढच्या बोटीतला एक गडी त्यात मेला, विद्यापीठाने क्लबावर बंदी घातली, आणि मग पोरांनी तोच क्लब नाव बदलून पुन्हा काढला. गोष्ट झकास आहे. पण गोष्ट झकास असली, की हिशेबनिसाने आधी तारीख बघावी. लेडी मार्गारेट हे नाव १८२५ पासूनचे. टोक लागून एक विद्यार्थी खरोखरच मृत्युमुखी पडला तो १८८८ साली. आधी नाव बदलले आणि ६३ वर्षांनी गुन्हा केला, असे व्हाउचर कोणताही ऑडिटर पास करणार नाही. त्या अपघातानंतर बोटीच्या टोकाला रबरी चेंडू लावणे मात्र सक्तीचे झाले. तलवार खोटी, चेंडू खरा. इतिहासात बहुधा असेच असते. खऱ्या वस्तू जरा मिळमिळीत असतात.

टोक लागायचा प्रश्न मुळात आला कुठून? तर केंब्रिजची कॅम नदी अरुंद. दोन बोटी शेजारी शेजारी धावायला जागाच नाही. आपल्याकडे अशा वेळी नदी रुंद करण्यासाठी समिती नेमली असती. तिथल्या पोरांनी शर्यतच बदलली. १८२७ सालापासून तिथे 'बंप्स' चालू आहेत. सगळ्या बोटी एकामागे एक उभ्या करायच्या, दोन बोटींमध्ये सुमारे दीड बोट मावेल एवढे अंतर. तोफ झाली, की प्रत्येकाने पुढच्या बोटीला गाठायचे, आणि मागची बोट आपल्याला गाठायच्या आत गाठायचे. बोट बोटीला टेकली, की झाला बंप. दुसऱ्या दिवशी या दोन बोटींनी जागा बदलायच्या. असे चार दिवस. संध्याकाळी सहाच्या लोकलला दादरला जे पाण्याविना चालते, तेच तिथे पाण्यावर चालते. (यातल्या मे महिन्याच्या म्हणून ज्या शर्यती आहेत, त्या जून महिन्यात होतात. मार्चअखेरची कामे एप्रिलमध्ये संपवणाऱ्या माणसाला याचे काही वाटत नाही.)

खरी गोष्ट यापुढेच आहे. चौथ्या दिवशी संध्याकाळी जी बोट ज्या क्रमांकावर असेल, त्याच क्रमांकावरून ती पुढच्या वर्षी सुरुवात करते. पुन्हा पहिल्यापासून, सगळे सारखे, असे नाही. मागच्या पोरांनी कमावलेली जागा पुढच्या पोरांना मिळते, आणि घालवलेलीही मिळते.

हे वाचले आणि मी खुर्चीत नीट बसलो. अहो, ही तर खतावणी! आमच्या शाखेतल्या लाल कापडी पाठीच्या खतावण्या संगणक आल्यावर माळ्यावर गेल्या. पण त्यांच्या प्रत्येक पानाच्या डोक्यावर एक ओळ असायची: 'मागील पानावरून पुढे'. पान नवे, शाई नवी, लिहिणारा कारकूनसुद्धा नवा. बाकी मात्र जुनीच. केंब्रिजचे विद्यार्थी साधारण तीन वर्षांत पदवी घेऊन जातात. म्हणजे दर तीन वर्षांनी क्लबातली माणसे जवळजवळ सगळी बदलतात. राहते काय? नदीवरची जागा. करोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली मेच्या (म्हणजे जूनच्या) शर्यती झाल्याच नाहीत. २०२२ साली पुन्हा बोटी लागल्या त्या २०१९ च्या क्रमाने. ज्यांनी तो क्रम मिळवला होता, त्यांतले बहुतेक तोवर कुठल्या कुठे नोकरीला लागलेले. पण खाते निष्क्रिय झाले म्हणून बाकी बुडत नाही.

चारही दिवस बंप मिळवला, तर गड्यांना वल्हे मिळवण्याचा मान मिळतो. खरे वल्हे. त्याच्या पात्यावर क्लबाच्या रंगात चिन्ह, सोनेरी अक्षरांत गड्यांची नावे आणि कोणाकोणाला बंप दिला त्या बोटींची नावे. हे वल्हे भिंतीवर टांगतात. आणि नावापुढे प्रत्येकाचे वजनही लिहितात. सोनेरी अक्षरांत! विसाव्या वर्षीचे वजन भिंतीवर सोनेरी अक्षरांत लटकते आहे आणि त्याच्याखाली पन्नाशीचा माणूस जेवतो आहे, या देखाव्यासारखे दुसरे पथ्य नसेल.

चारही दिवस मार खाल्ला, तर त्यालाही नाव आहे. त्याला म्हणतात 'स्पून्स', म्हणजे चमचे. तो चमचा काय, ते पुढे येईलच.

या क्लबाच्या खात्यावर मोठ्या रकमाही आहेत. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज यांच्यातली जगप्रसिद्ध शर्यत १८२९ साली सुरू झाली, ती एका पत्राने. हॅरोच्या शाळेत एकत्र शिकलेले दोन दोस्त, चार्ल्स मेरिव्हेल सेंट जॉन्सला गेला आणि चार्ल्स वर्ड्स्वर्थ (कवीचा पुतण्या) ऑक्सफर्डला. दोघांनी घाट घातला, आणि लेडी मार्गारेटच्या विल्यम स्नो याने केंब्रिजतर्फे ऑक्सफर्डला आव्हानाचे पत्र धाडले. १० जूनला हेन्लीला शर्यत झाली. पत्र पाठवणारे हरले. दुसरी शर्यत व्हायला ७ वर्षे लागली, यावरून उत्तराचा मसुदा वरिष्ठांकडे गेला असावा. पुढे १८६१ ते १८६९ केंब्रिज ओळीने ९ वेळा हरले. ती माळ तोडली १८७० साली जॉन गोल्डीने, तोही लेडी मार्गारेटचाच. त्याच्या नावाने नदीकाठी बोटघर आहे आणि केंब्रिजच्या दुसऱ्या, म्हणजे राखीव चमूला 'गोल्डी' म्हणतात. पहिल्या चमूला जिंकून देणाऱ्याचे नाव दुसऱ्या चमूला देणे, यात मला फार मोठे शहाणपण दिसते.

आता चमचा. केंब्रिजमध्ये गणिताच्या ऑनर्स परीक्षेचा निकाल गुणानुक्रमे लागत असे. पहिल्या वर्गातले ते सगळे रँग्लर, आणि त्यांतला पहिला तो सिनियर रँग्लर. रँग्लर म्हटले की आपल्याला पुढचा शब्द सांगावा लागत नाही. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९ साली सिनियर रँग्लर झाले. पेंब्रोक कॉलेजच्या एका विद्यार्थ्याबरोबर जोडीने पहिले. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. आणि त्यांचे कॉलेज? सेंट जॉन्स! लाल जाकीटवाल्यांचेच.

यादीला पहिला असला, की शेवटचाही असतो. ऑनर्सच्या यादीत अगदी तळाशी येणाऱ्याला त्याचे मित्र लाकडी चमचा देत. पदवीदानाच्या वेळी तो वरच्या गॅलरीतून दोरीने त्याच्यासमोर सोडत. वर्षावर्षाला चमचे मोठे होत गेले. असा शेवटचा चमचा १९०९ साली मिळाला कथबर्ट लेंप्रिएर होल्टहाउस याला. तो लेडी मार्गारेट बोट क्लबाचा गडी होता. म्हणून त्याच्या मित्रांनी मीटरभराहून लांब चमचा केला आणि त्याला दांडा बसवला तो वल्ह्याच्या पात्याचा. त्यावर ग्रीक भाषेत मजकूर लिहिला, की हा शेवटचा चमचा, बघणाऱ्याने दोन आसवे गाळावीत. हा चमचा सेंट जॉन्सने जपून ठेवला आहे.

तो शेवटचा का? तर १९१० पासून गुणानुक्रमे यादी लावणेच बंद झाले. वर्गवार नावे, तीही अकारविल्हे. तळाचा नाहीसा झाला, तसा वरचाही नाहीसा झाला. जाहीर यादीतला सिनियर रँग्लर आणि लाकडी चमचा एकाच दिवशी गेले. एकाला ठेवून दुसऱ्याला घालवता येत नाही, हे जमाखर्च लिहिणाऱ्याला कोणी शिकवावे लागत नाही.

एकाच कॉलेजात दहा वर्षांच्या अंतराने एक यादीच्या शेंड्याला आणि एक बुडाला. शेंड्यावरचे नाव आपल्याला पाठ आहे, आणि ते योग्यच आहे. कोकणातल्या खेड्यातून निघून गणितात साहेबाच्या बरोबरीने पहिले येणे हा आपल्या सगळ्यांच्या खात्यावरचा जमेचा आकडा आहे. पण तळाच्या पोराचे नाव जपले ते त्याच्याबरोबर वल्ही मारणाऱ्यांनी. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला, की पहिल्या आलेल्याला पेढा भरवल्याचा फोटो छापतात, आणि कसाबसा सुटलेला मुलगा त्या दिवशी मागच्या दाराने घरात येतो. त्याला कोणी मीटरभर लांब चमचा करून दिला, हसून दिला, आणि पुढे शंभर वर्षे जपून ठेवला, तर? तो हसला तरी असता. पुढचे सगळे आयुष्य मागच्या दाराने चालला नसता.

नदीवरची यादी मात्र अजून क्रमानेच लागते. तिथे पहिला आहे, शेवटचा आहे, वल्हे आहे, चमचाही आहे. कारण तिथे शेवटचा हा कायमचा शेवटचा नसतो. त्याच्या क्रमांकावरून पुढच्या वर्षी कोणीतरी नवा सुरुवात करणार असतो. तोफ होईल, पुढची बोट दीड बोट लांब असेल, आणि जमल्यास गाठायची आहे.