वाहनताफ्यांचे विद्युतीकरण

भाड्याने माणसे अथवा माल वाहून नेणाऱ्या बस, मालमोटारी, टेम्पो, रिक्षा इत्यादी वाहनांत खनिज तेलावर चालणाऱ्या एंजिनाच्या जागी विद्युत् घटमाला, म्हणजे बॅटरी, व चलित्र, म्हणजे मोटर, यांची योजना करणे, आणि त्या अनुषंगाने आगार, वीजजोड, दुरुस्ती व जमाखर्च यांची सर्व घडी नव्याने बसविणे, या व्यवहारास ही संज्ञा लावतात. नुसती गाडी बदलल्याने ताफा बदलत नाही. गाडी रात्री कोठे उभी राहते, हा या विषयातील पहिला प्रश्न होय.

या संक्रमणाचा इतिहास घटमालेपासून सांगण्याचा प्रघात आहे. वसई तालुक्यापुरता तरी तो रुळांपासून सांगणे इष्ट. १२ एप्रिल १८६७ रोजी बी. बी. अँड सी. आय. रेल्वेची पहिली उपनगरी गाडी विरारहून मुंबईच्या बॅकबेकडे निघाली, ती अर्थात वाफेवर. ५ जानेवारी १९२८ रोजी कुलाबा ते बोरिवली हा मार्ग विजेवर आला आणि १९३६ साली विजेची तार विरारपर्यंत पोचली. नालासोपारा स्थानकाच्या पूर्वेस, आज वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत असलेले आचोळे या मार्गास इतके निकट आहे की, तेथील चाकरमानी सुमारे नऊ दशके विजेच्या गाडीने मुंबई गाठीत आला असून घर ते स्थानक एवढा तुटपुंजा प्रवास मात्र तो अद्याप बहुतांशी तेलावर वा वायूवर चालणाऱ्या रिक्षेतून करतो. रेल्वेस जे साधले ते रस्त्यास साधले नाही, याचे कारण उघड आहे : रेल्वेची गाडी जेथून धावते ती वाट तिची, जेथे मुक्काम करते ती कारशेड तिची, आणि वरची तारही तिचीच.

मुंबईच्या रस्त्यांवर विजेचे वाहन नवे नव्हे. ७ मे १९०७ रोजी सुरू झालेली विजेची ट्रॅम ३१ मार्च १९६४ रोजी बंद झाली. १९६२ ते १९७१ या काळात बेस्टने ट्रॉलीबसही चालवून पाहिली. दोन्ही वाहने डोक्यावरच्या तारेस जखडलेली होती, आणि तार जेथे संपली तेथे त्यांचे राज्यही संपत असे. वीज पोटात साठवून नेणारी बस बेस्टच्या ताफ्यात नोव्हेंबर २०१७ मध्ये आली; पुण्याच्या परिवहन महामंडळाने फेब्रुवारी २०१९ पासून तोच मार्ग धरला. एस.टी.ची पहिली गाडी १ जून १९४८ रोजी ज्या पुणे–अहमदनगर मार्गावर धावली होती, त्याच मार्गावर १ जून २०२२ रोजी ‘शिवाई’ ही विजेची बस सोडण्यात आली. सरकारी संस्थांनाही कधीमधी तिथीचे भान राहते, याचा हा सुखद दाखला म्हणावयास हरकत नाही. वसई-विरार महापालिकेच्या परिवहन सेवेतही आता विजेच्या बस आहेत.

अर्थकारणाची मेख अशी की, विजेची गाडी घेताना महाग आणि चालविताना स्वस्त पडते. डिझेल एंजिनात इंधनातील निम्म्याहून अधिक शक्ती उष्णतेच्या रूपाने वाया जाते; चलित्रात ही नासाडी अल्प असते, शिवाय ब्रेक लावताना गतीचा काही अंश विजेच्या रूपाने घटमालेत परत येतो, म्हणून थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहनास वीज विशेष मानवते. जी गाडी दररोज पुष्कळ, पण ठरलेल्या अंतरात फिरते आणि रात्री ठरलेल्या जागी परतते, तिची जास्तीची किंमत लवकर वसूल होते. वर्षातून चार महिने उभ्या राहणाऱ्या गाडीची कधीच होत नाही. लोक ज्यास ‘छोटा हत्ती’ म्हणून ओळखतात त्या टाटा एसची विजेवरील आवृत्ती मे २०२२ मध्ये आली, तेव्हा तिची घटमाला २१.३ किलोवॉट-तासांची आणि प्रमाणित पल्ला १५४ किलोमीटरांचा होता. वालीव, गोखिवरे, सातिवली येथील गाळ्यांतून निघणारा माल तालुक्यात वा भिवंडीपर्यंत पोचविण्यास एवढा पल्ला पुरेसा आहे.

बसच्या बाबतीत बहुधा मक्त्याची पद्धत अवलंबिली जाते. बस मक्तेदार विकत घेतो व दुरुस्त राखतो, आणि परिवहन संस्था त्यास धावलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे ठरीव रक्कम देते. संस्थेची भांडवलाची विवंचना यामुळे मिटते खरी, परंतु मक्तेदाराने हात आखडला की गैरसोय उतारूच्या वाट्यास येते आणि जाब मात्र संस्थेस द्यावा लागतो.

कायद्याने यात बरीच सवलत दिली आहे. ऑक्टोबर २०१८ च्या केंद्रीय अधिसूचनेने घटमालेवरील वाहतुकीच्या वाहनांस परवान्याच्या अटीतून मुक्त केले. भाड्याने चालणाऱ्या अशा वाहनाची पाटी हिरवी आणि अक्षरे पिवळी असतात.

परवाना माफ झाला तरी जागा माफक दरात मिळत नाही, आणि आचोळ्यासारख्या दाट वस्तीत गाडे येथेच अडते. बेस्टला वा एस.टी.ला आगार आहे. एका रिक्षेचा किंवा टेम्पोचा मालक असलेल्या चालकास आगार नाही, अंगण नाही, आणि रात्री जेथे तो गाडी लावतो त्या रस्त्याच्या कडेस त्याच्या नावाचा मीटरही नाही. त्यात पावसाळ्याची भर. १० जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत नालासोपाऱ्याचे रूळ पाण्याखाली गेले आणि वसई-विरार परिसरातील वीज खंडित झाली. अशा प्रसंगी उंच जोत्यावरचे भारणकेंद्र, म्हणजे चार्जिंग स्टेशन, आणि रस्त्यालगतचे भारणकेंद्र यांतील भेद शोभेचा राहत नाही. ज्या जिल्ह्यात तारापूरची अणुवीज १९६९ पासून आणि डहाणूची औष्णिक वीज त्यानंतर निर्माण होत आली, तेथे विजेच्या उत्पादनापेक्षा ती गाडीपर्यंत नेण्याचीच अडचण मोठी असावी, हे चमत्कारिक आहे.

१ ऑक्टोबर २०२४ पासून अमलात आलेल्या केंद्राच्या १०,९०० कोटी रुपयांच्या पी.एम. ई-ड्राइव्ह योजनेत सार्वजनिक भारणकेंद्रांसाठी २,००० कोटी रुपये राखले असून, त्यातून उभारावयाच्या ७२,३०० भारकांपैकी ४८,४०० दुचाकी व तीनचाकी वाहनांकरिता आणि १,८०० बसगाड्यांकरिता आहेत.