बाहुल्यांची बोली

मार्च १९७० मध्ये तैवानच्या टीटीव्ही वाहिनीवर शी येन-वेन हा विद्वान योद्धा अवतरला आणि बघता बघता घराघरांत पोचला. तलवार चालवणारा, कविता म्हणणारा हा नायक म्हणजे हाताच्या पंजावर चढवून नाचवायची बाहुली. मालिका लागली की शेतातली माणसं काम टाकून पडद्यापुढे बसत. ५८३ भागांनंतर, १९७४ मध्ये सरकारच्या माहिती कार्यालयाने तिच्यावर बंदी आणली. शेती आणि कारखान्यांच्या कामात व्यत्यय येतो, असं कारण देण्यात आलं.

हे कारण पुरेसं पटत नाही. खरी अडचण बोलीची होती. त्या काळी बेटावर लष्करी कायदा होता, मँडरिन हीच राष्ट्रभाषा होती आणि शाळेत घरची भाषा बोलणाऱ्या मुलांना शिक्षा होई. मालिकेतला महानायक मात्र शेतकऱ्यांच्या, कामगारांच्या होक्कियेन बोलीत बोलत होता, तीही अस्सल साहित्यिक वळणाने. आपली भाषा फक्त बाजाराची आणि भांडणाची नाही, हे लोकांना त्याच्या तोंडून रोज ऐकू येत होतं.

ही कला दडपणाला सरावलेलीच होती. चीनमधल्या फूच्येनहून तैवानला आलेल्या या खेळावर जपानी राजवटीने १९३७ नंतर निर्बंध घातले; परवानगी मिळालेल्या मोजक्या मंडळांना बाहुल्यांना किमोनो नेसवून जपानी संवाद म्हणावे लागले. युनलिनमधल्या हुवेईच्या बाहुलीकार हुआंग हाय-ताय यांनी तो काळ सोसला. शी येन-वेनला पडद्यावर आणणारे हुआंग चुन-श्युंग हे त्यांचेच पुत्र.

शी येन-वेनच्या मालिकेत समाजाचे सगळे थर होते, पण सगळ्यांना सारखा मान नव्हता. नायक देखणा आणि सुशिक्षित. पाठीला कुबड असलेला मी-त्याओ मात्र मुलांच्या चिडवण्याचा विषय झाला. सरकारच्या आग्रहापोटी ‘चीन बलवान’ अशा अर्थाच्या नावाचं एक देशभक्त पात्रही कथेत घुसवावं लागलं.

१९८२ मध्ये बंदी सैल झाली, १९८७ मध्ये लष्करी कायदा उठला. चुन-श्युंग यांच्या मुलांनी, हुआंग च्यांग-हुआ आणि हुआंग वेन-त्से या भावांनी, ‘पिली’ ही बाहुल्यांची मालिका व्हिडिओ कॅसेटवरून घरोघर नेली. पूर्वीची वीतभर बाहुली आता जवळपास तीन फुटांची झाली. या मालिकेतला ये श्याओ-चाय हा मुका तलवारबाज लाडका ठरला, आणि मी-त्याओच्या वाट्याला न आलेली प्रतिष्ठा एका व्यंग असलेल्या पात्राला मिळाली.

स्त्रियांच्या बाबतीत मात्र परंपरा फार हळू हलली. सगळ्या पात्रांना एकाच निवेदकाने आवाज द्यायचा, या रिवाजाने राण्या, योद्ध्या, दासी साऱ्या २०२२ मध्ये निवर्तलेल्या वेन-त्सेंच्याच गळ्यातून बोलत. त्यांचं कसब थोर होतं. तरीही प्रेक्षकांत मोठ्या संख्येने असलेल्या बायकांना पडद्यावर बाईचा आवाज मिळत नव्हता, ही उणीव त्या कसबाने भरून निघाली नाही.

२००६ मध्ये ‘पिली’ची एक आवृत्ती अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर दाखवली गेली. तिच्यातली होक्कियेन काढून इंग्रजी संवाद भरले होते, कथाही छाटली होती. काही भागांतच ती बंद पडली.