बीज आणि खपली

ज्या घरी विहिरीच्या जड पाण्यावर तांब्याचा बंब वर्षानुवर्षे तापत आला आहे, त्या घरच्या माणसांना क्षारांचा स्वभाव निराळा समजावून सांगावा लागत नाही. बंबाच्या आतल्या अंगाला पांढुरकी खपली धरते, तेवढेच पाणी तापवायला पूर्वीपेक्षा अधिक लाकूडफाटा जळू लागतो, आणि अखेर कोणीतरी बाही सारून ती खपली खरवडून काढतो. हीच खपली एका थोर उद्योगाच्या पाठीस त्याच्या जन्मापासून लागलेली आहे. तो उद्योग म्हणजे बॉक्साइट या तांबूस मातकट खनिजापासून ॲल्युमिनाची शुभ्र भुकटी काढण्याचा. आणि कारखान्यांत जिला ‘स्केल’ म्हणतात त्या खपलीचा इतिहास हा या उद्योगाच्याच इतिहासाचा अर्धा भाग आहे, असे माझे मत आहे.

बॉक्साइटची ओळख प्येर बेर्त्ये या फ्रेंच खनिजशास्त्रज्ञाने १८२१ साली दक्षिण फ्रान्समधील ले बो या गावाजवळ पटवून दिली. परंतु त्यातून शुद्ध ॲल्युमिना काढण्याची सुलभ रीत सापडली ती ॲल्युमिनियम धातूच्या शोधात नव्हे, तर रंगाऱ्यांच्या गरजेपोटी. सुती कापडावर रंग पक्का बसावा म्हणून आपल्याकडील रंगारी जशी तुरटी वापरीत आले, तशीच युरोपातील कापडगिरण्यांनाही ॲल्युमिनाची संयुगे लागत, आणि ती पुरविणाऱ्या सेंट पीटर्सबर्ग येथील एका रासायनिक कारखान्यात कार्ल जोसेफ बायर (१८४७–१९०४) हा ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञ काम करीत होता. तोपर्यंतची वहिवाट अशी होती की, सोड्यात विरघळलेल्या ॲल्युमिनाच्या द्रावातून कार्बनिक वायू सोडावा; त्याने खाली बसणारा साका लिबलिबीत, धुण्यास व गाळण्यास महाकठीण असे. १८८७ साली बायरला आढळले की, स्वच्छ द्रावात ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडचे थोडे ताजे कण ‘बीज’ म्हणून टाकून तो नुसता ढवळत ठेवला, तर वायूवाचूनच त्या बीजावर थरावर थर चढून दाणेदार, स्फटिकमय पूड खाली बसते. विरजणाच्या कवडीने दुधाचे दही व्हावे, तसा हा प्रकार. पुढे १८९२ साली, बॉक्साइट दाबपात्रात दाहक सोड्याबरोबर तापविले असता ॲल्युमिना विरघळते आणि लोहाचा लाल गाळ मागे राहतो, हा दुसरा शोध त्याने लावला. आणि १८९३-९४च्या सुमारास फ्रान्समधील गार्दान येथे या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला.

या पद्धतीचे सारे अर्थकारण रहाटगाडग्यासारखे आहे. सोड्याचा द्राव, म्हणजे कारखान्याच्या बोलीतील ‘लिकर’, बॉक्साइटमधून ॲल्युमिना उचलतो, बीजावर ते उतरवतो, आणि रिकामा होऊन पुन्हा तापायला परततो. परंतु बॉक्साइटबरोबर चिकणमातीच्या रूपाने सिलिका येते. तीही सोड्यात विरघळते, द्रावाबरोबर फिरत राहते, आणि तो हीटरच्या नळ्यांतून तापत चालला की सोडा व ॲल्युमिना यांच्याशी संयोग पावून नळीच्या अंगाला सोडालाइटसारख्या खनिजाच्या रूपाने चिकटते. अशी नळी आडवी कापून पाहिली, तर झाडाच्या बुंध्यातील वर्षवलयांसारखी राखट कडी एकात एक बसलेली दिसतात, आणि द्रवाला वाट म्हणून मध्ये अरुंद भोक तेवढे उरलेले असते. हा थर पोलादाच्या मानाने उष्णता फारच थोडी पुढे जाऊ देतो. म्हणून वाफ अधिक लागते व पंपावरचा भार वाढतो. शिवाय जितकी सिलिका या रीतीने खनिज बनते, जवळजवळ तितक्याच वजनाचा दाहक सोडा ती आपल्याबरोबर कायमचा जप्त करते, हा कारखान्याच्या जमाखर्चातील मोठा नुकसानीचा आकडा होय.

खपलीच्या जाती अनेक, आणि प्रत्येकीचा बंदोबस्त निराळा. नळ्यांतील सिलिकेची खपली सौम्य गंधकाम्लात विरघळते. अतितप्त भागात चुन्याशी मिळून बसणारी टायटॅनियमची खपली मात्र आम्लालाही सहजी दाद देत नाही, ती प्रचंड दाबाच्या पाण्याच्या फवाऱ्याने उडवावी लागते. अनेक मजली उंच टाक्यांत जेथे बीजावर ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड, म्हणजे ‘हायड्रेट’, उतरते, तेथे तेच हायड्रेट भिंतींवरही दगडासारखे चढते. ते तप्त, तीव्र सोड्याने विरघळवितात, आणि जेथे तेही साधत नाही तेथे माणसे जॅकहॅमर घेऊन टाकीत उतरतात. डोक्यावरून केव्हा ढलपा निखळेल याचा नेम नसतो, आणि खपलीमागे अडकून राहिलेला दाहक द्राव घावासरशी बाहेर उसळला तर डोळे जाण्याचे भय असते. ॲल्युमिनियमच्या हलक्या, चकचकीत पातेल्याला हात लावताना या माणसांच्या कष्टांचे स्मरण आपल्याला होत नाही. ते व्हावयास हवे, असे मला मनापासून वाटते.

नळ्यांतील सिलिकेच्या खपलीवर जो उपाय कालांतराने रूढ झाला, त्याचे मला सर्वांत अधिक नवल वाटते. बॉक्साइटचा राडा हीटरकडे धाडण्यापूर्वीच पाणी उकळण्याच्या आसपासच्या तापमानाला कित्येक तास टाक्यांत ठेवून द्यावयाचा, आणि त्यातील सिलिकेला पूर्वी बसलेल्या खनिजाच्या बारीक कणांवरच बसू द्यावयाचे, म्हणजे पुढे नळीवर बसण्यास ती फारशी उरत नाही. हा उपाय म्हणजे बायरचेच बीज, केवळ निराळ्या कामाला लावलेले.

आपल्या देशात मुरी येथे १९४८ साली ॲल्युमिना निघू लागले, आणि १९७० च्या सुमारास बेळगावला कारखाना उभा राहिल्यावर कोल्हापूर जिल्ह्यातील राधानगरी-चंदगडकडच्या जांभ्याच्या सड्यांवरील बॉक्साइट त्या लिकरच्या रहाटात पडू लागले. दख्खनच्या काळ्या पाषाणापासून झालेल्या या बॉक्साइटात टायटॅनियम स्वभावतःच अधिक असते. म्हणजे त्या सड्यांची भूगर्भीय वंशावळही कारखान्यापर्यंत बॉक्साइटची पाठ सोडीत नाही. १९८९ साली नागपुरास ॲल्युमिनियमविषयक संशोधन केंद्र स्थापन झाले, तेव्हा देशी बॉक्साइटांच्या अशा गुणदोषांचा अभ्यास या मुलखात होऊ लागला.

भरलेल्या द्रावाला टेकण्यास जागा हवी असते, एवढेच सत्य बायरला १८८७ साली गवसले. टाकलेल्या कणावर तो टेकला की आपण त्याला उत्पन्न म्हणतो, नळीवर टेकला की खपली. द्रावाच्या लेखी या दोहोंत भेद नाही. तो भेद राखण्याची जबाबदारी माणसाची, आणि म्हणूनच या उद्योगाच्या दप्तरात शोधकाच्या नावाशेजारी टाकीत उतरणाऱ्या त्या मजुरांचीही नोंद असावयास हवी.