बाहेरून आलेला आजार

धानाची कापणी आटोपली की गोंदियाच्या फलाटावर पिशव्या घेतलेली तरुण पोरं दिसतात. कुणी नागपूरला निघालेला, कुणी हैदराबादला. एचआयव्हीचा विषय निघाला की बोट अशांकडेच वळतं. हा बाहेर गेला, यानेच आजार आणला.

१९८६ च्या सुरुवातीला तर अख्खा आजारच बाहेरचा होता. अमेरिकेचा. आपल्याकडे कुठून येणार? मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन यांनी मात्र आपली विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला हिला तपासून बघायला सांगितलं. सुनीती माहेरच्या गायतोंडे, चामड्याचा व्यापार करणाऱ्या मद्रासच्या मराठी घरातल्या. निर्मलाने देहविक्रय करणाऱ्या बायकांच्या रक्ताचे नमुने घेतले, घरच्या फ्रीजमध्ये ठेवले आणि नवऱ्याला सोबत घेऊन रात्रीच्या गाडीने वेल्लोरच्या दिशेने नेले. सहा पॉझिटिव्ह निघाले. भारतातल्या या पहिल्या नोंदी. तपासणी कशाची, हे मात्र त्या बायकांना सांगितलं नव्हतं. आज असं चालणार नाही, आणि चालूही नये.

या शोधाने बोट फक्त वळलं. आता दोषी त्या बायका.

१९९३ मध्ये सुनीतींनी ‘वायआरजी केअर’ ही संस्था काढली. तिथे येणाऱ्या बाधित स्त्रियांत बहुतेक गृहिणी होत्या, आणि बहुतेकींचा आयुष्यात एकच जोडीदार, नवरा. ‘जोडीदाराशी एकनिष्ठ राहा’ हा सल्ला भिंतीभिंतीवर रंगवलेला असायचा. या बायकांनी तो आधीच पाळला होता. मग त्यांना वाचवायचं कसं?

उत्तर यायला २०११ उजाडलं. नऊ देशांतल्या १,७६३ जोडप्यांवर एक चाचणी झाली. प्रत्येक जोडप्यात एकच जण बाधित. भारतातून सुनीतींचं चेन्नईचं केंद्र आणि पुणे त्यात होतं. बाधित जोडीदाराला औषधं लवकर सुरू केली, तर दुसऱ्याला त्याच्याकडून लागण होण्याचं प्रमाण ९६ टक्क्यांनी घटलं. म्हणजे एकाने रोज घेतलेली गोळी घरातल्या दुसऱ्यालाही राखते.

सुनीती २०१५ मध्ये गेल्या. बाधितांची लग्नंही त्या जुळवायच्या, हे मला त्यांच्या पद्मश्रीपेक्षा मोठं वाटतं.

गोळ्या सरकारी एआरटी केंद्रात २००४ पासून मोफत आहेत. गाव सुटलं तरी त्या सुटायचं कारण नाही. कामाच्या शहरातल्या केंद्रात नाव बदलून घेता येतं. निघण्यापूर्वी आपल्या केंद्रात तेवढं सांगायचं आणि कागद सोबत ठेवायचा.