होडीतला बाक

काही वर्षांपूर्वी मी एका इंग्रजी कथेचा अनुवाद करत होते. त्यात दोघे जण शिडाच्या लहान होडीतून खाडी ओलांडतात. सामान फार होतं म्हणून ते बसायची मधली फळी काढून टाकतात आणि भर वाऱ्यात होडीच्या फळ्या उकलतात. त्या फळीसाठी मूळ शब्द होता 'थ्वार्ट'. कोशात अर्थ मिळाला 'आडवं येणे, हाणून पाडणे'. संदर्भ पाहून मी 'आसन' लिहिलं. मसुदा वाचून संपादकांचा फोन आला : "अहो, आसन काढलं तर माणूस खाली बसेल. होडी का फुटावी?" माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दिल्लीत समुद्र नाही, पण यमुना आहे. हिवाळ्यात यमुना बाजारच्या घाटावर कुरव पक्षी बघायला माणसं नावेतून फिरतात. या नावा वल्ह्यांच्या, शिडाच्या नव्हेत; पण आडव्या फळ्या त्यांनाही असतात. मी विचारल्यावर नावाडी म्हणाला, "सवारी तो बैठती है, नाव को इसी ने पकड़ रखा है."

मग वाचत गेले तसं कळलं. होडीच्या बाजूच्या फळ्या वाकवून बसवलेल्या असतात. त्या पुन्हा सरळ होऊ बघतात, म्हणजे बाहेर फाकतात. पाणी त्यांना आत रेटतं. शीड भरलं की डोलकाठीचा ताण त्यात भर घालतो. उघड्या होडीला वर तक्तपोशी नसते, त्यामुळे दोन्ही बाजूंना जागच्या जागी धरून ठेवायचं काम या बाकांकडे येतं. अनेक होड्यांत डोलकाठीचा आधारही पुढचा बाकच असतो.

तो बसवणंही सोपं नाही. आतल्या बाजूंना लांब पट्ट्या ठोकतात, त्यांवर बाक टेकतो. पण होडीची बाजू वर उमलत जाते आणि पुढे निमुळती होते, त्यामुळे फळीचं टोक दोन्ही दिशांनी तिरकं कापावं लागतं. काटकोनात कापलेली फळी तिथे बसतच नाही. मग टोकाशी लाकडाचे 'गुडघे' जोडतात. हे गुडघे फांदी जिथे फुटते तिथल्या मूळच्याच वाकड्या लाकडाचे घेतात, कारण त्यात रेषा वळणाबरोबर वळतात. सरळ फळीतून कापलेला गुडघा ताण आला की रेषेवर चिरतो.

शब्दांचा इतिहासही इथेच सापडला. जुन्या इंग्रजीत वल्हेकऱ्याच्या बाकाला 'थोफ्टे' म्हणत आणि त्यावरूनच सोबत्यासाठी शब्द होता 'गेथोफ्टा', म्हणजे एका बाकावरचा. शाळेतल्या बाकावरचा मित्र आठवणाऱ्या मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे 'आडवा' या अर्थाच्या शब्दाचा रंग चढून त्याचा 'थ्वार्ट' झाला. आपला बसायचा 'बाक' पोर्तुगीज 'बांको'वरून आला. वळण या अर्थाचा 'बाक' वेगळा. होडीत मात्र दोन्ही भेटतात : फळीचा बाक आणि त्याला धरून ठेवणारा बाक.

ही विद्या कागदावर फारशी उतरली नाही. 1659 च्या सुमारास शिवाजी महाराजांच्या जहाजबांधणीच्या कामावर असलेल्या रुई लैतांव व्हिएगस या पोर्तुगीजाचं नाव इतिहासात राहिलं. फळ्या तासणारे हात राहिले नाहीत. अजिंठ्याच्या चित्रातल्या जहाजावरून नौदलासाठी 'कौंडिण्य' बांधायचं ठरलं, तेव्हा हाती जुने आराखडे नव्हते. चित्रात जहाज बाहेरून दिसतं. आतल्या जोडांसाठी बाबू शंकरन आणि त्यांच्या केरळी कारागिरांच्या हातांतलं ज्ञान लागलं. काथ्याने शिवलेलं ते जहाज गोव्यात बांधलं गेलं आणि 21 मे 2025 रोजी कारवारला नौदलात दाखल झालं.

माझ्यापुढचा प्रश्न त्यामानाने लहान होता. 'आसन' खोडून मी 'आडवा बाक' लिहिलं. तो काढताना दोघांपैकी एकाला होडीची कड किंचित सरकल्याचं जाणवतं, असं मूळ कथेत एक वाक्य होतं. पहिल्या मसुद्यात ते मला निरर्थक वाटलं होतं आणि मी गाळलं होतं. ते परत घातलं. संपादकांचा पुन्हा फोन आला नाही.